मंत्री आचारसंहिता, ब्रिटन

ब्रिटिश सरकारातील मंत्र्यांच्या वर्तनाचे नियम सांगणारा, पंतप्रधानांनी स्वतःच्या अधिकारात जारी केलेला दस्तऐवज. तो कायदा नसल्यामुळे केवळ त्याच्या भंगाबद्दल न्यायालय शिक्षा करीत नाही; दोषी मंत्र्याला पदावर ठेवायचे की नाही, हे पंतप्रधानच ठरवतात. संहितेविषयीचे बहुतेक मोठे वाद याच तरतुदीतून उद्भवले आहेत.

मंत्र्यांसाठीच्या अशा सूचना अनेक दशके गोपनीय होत्या. १९९२ मध्ये पंतप्रधान जॉन मेजर यांनी त्या प्रथम प्रसिद्ध केल्या. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी खासदारांनी पैसे घेतल्याच्या प्रकरणानंतर १९९४ मध्ये नोलन समिती नेमली गेली आणि तिने १९९५ मध्ये निःस्वार्थता, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा व नेतृत्व ही सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वे मांडली. ‘मंत्री आचारसंहिता’ हे नाव १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांच्या काळात रूढ झाले.

संसदेची जाणूनबुजून दिशाभूल करणाऱ्या मंत्र्याने राजीनामा देऊ करावा, ही संहितेतील सर्वांत कडक अपेक्षा होय. आर्थिक हितसंबंध जाहीर करणे बंधनकारक असून, मंत्री या नात्याने मिळालेली १४० पौंडांहून अधिक किमतीची भेटवस्तू, १४० पौंडांवरची रक्कम स्वतः भरल्याशिवाय, स्वतःकडे ठेवता येत नाही.

२००६ मध्ये संहितेच्या भंगाची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र सल्लागाराचे पद निर्माण झाले. मात्र हे स्वातंत्र्य दीर्घकाळ नावापुरतेच होते, कारण पंतप्रधानांनी प्रकरण सोपवल्याखेरीज सल्लागाराला चौकशी करता येत नसे. गृहमंत्री प्रीती पटेल यांची कर्मचाऱ्यांशी वागणूक दडपशाहीची ठरू शकते व त्यामुळे संहितेचा भंग झाला, असा निष्कर्ष तेव्हाचे सल्लागार सर ॲलेक्स ॲलन यांनी २०२० मध्ये दिला. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी तो मानला नाही. पटेल पदावर राहिल्या, राजीनामा ॲलन यांनी दिला. त्यांच्यानंतर आलेले लॉर्ड गाइट हेही जून २०२२ मध्ये पायउतार झाले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी सुधारित संहितेद्वारे सल्लागाराला स्वतःहून चौकशी सुरू करण्याची मुभा दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये सल्लागार सर लॉरी मॅग्नस यांनी उपपंतप्रधान अँजेला रेनर यांच्या घरखरेदीवरील मुद्रांक शुल्काच्या प्रकरणात, त्यांच्या सचोटीविषयी शंका न घेताही, कराबाबत तज्ज्ञांचा सल्ला न घेतल्यामुळे संहितेचा भंग झाल्याचे नमूद केले. रेनर यांनी राजीनामा दिला. चौकशीचा अधिकार असा सल्लागाराकडे गेला असला, तरी कारवाईचा अंतिम निर्णय अजूनही पंतप्रधानांचाच आहे.