अंडाशयाची गाठ : पहिलं ऑपरेशन नीट झालं पाहिजे

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ओव्हेरियन सिस्ट लिहून आलं की आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे घरात दोनच बोलणी सुरू होतात, एक तर काही नाही गोळ्यांनी विरघळेल, नाहीतर एकदाची पिशवी काढून टाका. बऱ्याच सिस्ट खरंच साध्या असतात, पाळीच्या चक्रात येतात आणि जातात. पण गाठीत घट्ट भाग दिसतोय, पोटात पाणी आहे, बाईची पाळी गेलेली आहे, तर त्या गाठीचं ऑपरेशन कोण करणार आणि कसं करणार यावर पुढचं सगळं ठरतं.

अंडाशयाचा कॅन्सर पहिल्या स्टेजला, म्हणजे अंडाशयातच असताना सापडला तर १० पैकी साधारण ९ बायका पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. अडचण ही की बहुतेकींचा उशिरा सापडतो. "मन्हं पोट फुगी ऱ्हायनं" म्हणणाऱ्या बाईला आपण ॲसिडिटीची गोळी देतो, अर्धी भाकरी खाल्ली तरी पोट गच्च होतंय, सारखं लघवीला जावं लागतंय, हे दोन-तीन आठवडे रोज चाललंय तर सोनोग्राफी कराच. आणि पिशवी आधीच काढलीय म्हणून निर्धास्त राहू नका, त्या ऑपरेशनमध्ये अंडाशयं बऱ्याचदा ठेवलेली असतात.

अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय असला की सीए-१२५ ही रक्ततपासणी करतात, पण ती एकटी पुरत नाही. पहिल्या स्टेजला निम्म्या बायकांमध्ये ती नॉर्मल येते, उलट पोटाच्या टीबीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो तो आजार) कॅन्सर नसताना वाढते.

आता ऑपरेशन. संशयाची गाठ शक्यतो अख्खी, न फोडता बाहेर काढायची असते. बाहेरून सुई घालून पाणी काढून बघू असं कोणी म्हटलं तर आधी कॅन्सर सर्जनचं मत घ्या, कारण कवच फुटून आतलं पाणी पोटात सांडलं तर १ए (कॅन्सर एकाच अंडाशयात, कवच शाबूत) असलेली स्टेज १सी होते आणि नसती लागली ती केमो लागू शकते. गाठ निघाल्यावर बाई टेबलवर असतानाच फ्रोझन सेक्शन करतात, म्हणजे गाठीचा तुकडा गोठवून लगेच तपासतात, पॅथॉलॉजिस्ट अर्ध्या तासाच्या आसपास प्राथमिक निदान सांगतो. कॅन्सर निघाला की सर्जन पोटात सलाइन फिरवून ते पाणी तपासायला घेतो, दुसरं अंडाशय, नळ्या, गर्भपिशवी काढतो, आतड्यांपुढे लोंबणारा ओमेंटम नावाचा चरबीचा पदर काढतो, पोटाच्या आतल्या आवरणाचे ठिकठिकाणचे तुकडे घेतो आणि गरजेप्रमाणे लसिका गाठी. याला स्टेजिंग म्हणतात. हे सगळं कशाला, तर वरून पहिली स्टेज वाटणाऱ्या बऱ्याच बायकांमध्ये डोळ्याला न दिसणारा कॅन्सर या तुकड्यांत सापडतो.

मूल हवं असलेल्या तरुण बाईला मात्र सगळं काढायलाच पाहिजे असं नाही. कॅन्सर एकाच अंडाशयात असेल आणि जात सौम्य असेल तर फक्त त्या बाजूचं अंडाशय आणि नळी काढून, बाकीचं स्टेजिंग करून गर्भपिशवी ठेवता येते. हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारा, नंतर विचारून उपयोग नाही. कोवळ्या मुलींमध्ये बहुतेक जर्म सेल (स्त्रीबीज तयार करणाऱ्या पेशींचा) प्रकार असतो, तो केमोला फार छान दाद देतो.

पहिल्या स्टेजला केमो सगळ्यांना लागत नाही. १ए आणि कमी ग्रेड (सौम्य जात) असेल तर ऑपरेशन पुरतं, हाय ग्रेड (आक्रमक जात) किंवा १सी असेल तर बहुधा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधं, दर २१ दिवसांनी, तीन ते सहा वेळा. २००३ मध्ये युरोपातल्या दोन अभ्यासांचा एकत्र निकाल आला, ९२५ बायका होत्या, लगेच केमो घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी ८२ टक्के जिवंत होत्या, न घेतलेल्यांपैकी ७४. पण त्यातल्या एका अभ्यासात ज्यांचं स्टेजिंग पूर्ण झालं होतं त्यांना केमोचा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे काहींच्या बाबतीत केमो अर्धवट ऑपरेशनची भरपाई करत होती, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, आपल्या भागातलं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते आरोग्यमित्राला (योजनेच्या हॉस्पिटलमधला मदतनीस) विचारा.

आणि गाठ काढून झालीय, बायोप्सीत कॅन्सर आलाय, स्टेजिंग झालेलं नाही, असं असेल तरी हात टेकू नका. लॅबमधून मेणाचे ब्लॉक (गाठीचे तुकडे मेणात जपून ठेवलेले असतात ते) आणि स्लाइड मागून घ्या, ऑपरेशन नोट घ्या, त्यात गाठ अख्खी निघाली की फुटली हे लिहिलंय का बघा, आणि ते घेऊन मुंबईला टाटात किंवा जवळच्या कॅन्सर सर्जनकडे जा. पुन्हा स्टेजिंगचं ऑपरेशन करायचं की सरळ केमो सुरू करायची हे ते त्यावरून ठरवतात. बीआरसीए तपासणीचंही (घराण्यात चालणारा, कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला दोष बघतात ती) तेव्हाच विचारा, ती पॉझिटिव्ह आली तर बहिणींना आणि मुलींनाही तपासणी सांगतात.