अंधारात मोहरी उंच का होते?

मोहरीचे दाणे दोन वाट्यांत ओल्या कापसावर पसरा. एक वाटी खिडकीत ठेवा, दुसरी बंद कपाटात. पाच-सहा दिवसांनी कपाटातली रोपं खिडकीतल्यांच्या कितीतरी पुढे गेलेली दिसतील. पण जवळून पाहा. खोड पांढरट आणि लुळं, बीजपत्रं पिवळी, मिटलेली, शेंडा खाली वाकलेला. खिडकीतलं रोप बुटकंच, पण हिरवं आणि ताठ.

कपाटातली उंची जोमाची नव्हे. आपण अजून मातीखालीच आहोत अशा बेतानं रोप उजेड गाठायला बघतं, आणि त्यासाठी नव्या पेशी जवळजवळ बनवतच नाही. मोहरीच्याच कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या इवल्या रोपावर हे बारकाईनं मोजलेलं आहे. बीजपत्रांखालच्या कोवळ्या खोडात तळापासून वरपर्यंत एका रांगेत साधारण २० पेशी असतात. अंधारात त्याच लांबत जातात. पेशीची भिंत सैल होते आणि आतलं पाणी तिला ताणतं.

भिंत सैल करायला लागणारं ऑक्झिन हे संप्रेरक वाढवतात पीआयएफ नावाची प्रथिनं. उजेडात त्यांना मोडीत काढतं फायटोक्रोम. अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथे, कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत १९५९ साली हे रंगद्रव्य हाती लागलं. सुमारे ६६० नॅनोमीटरच्या लाल उजेडानं ते कामाला लागतं, ७३० नॅनोमीटरच्या आसपासच्या गडद लाल उजेडानं थांबतं. हिरवी पानं पहिला लाल शोषतात, दुसरा बराचसा सोडून देतात. म्हणून दाट पेरलेल्या वाफ्यात प्रत्यक्ष सावली पडण्याआधीच रोपाला शेजाऱ्याची चाहूल लागते. ते उंच सुटतं, खोड बारीक राहतं आणि वाऱ्यापावसात पीक लोळतं. विरळणी वेळेवर करायची, त्याचं हेही एक कारण.

मला मात्र यातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो तो साखरेचा. पेशीच्या भिंतीतलं सेल्युलोज साखरेपासूनच बनतं, हे तर झालंच. पण साखर निरोपही देते. उजेडातल्या अरॅबिडॉप्सिसला सुक्रोज दिली की खोड जास्त लांबतं. आणि या परिणामासाठी पीआयएफ लागतात, हे २०११ साली दाखवलं गेलं. म्हणजे उजेड ज्या प्रथिनांना आवरतो, साखर त्यांच्याचमार्फत खोड लांबवते.

कपाटातल्या रोपाकडे फक्त दाण्यातल्या तेलाची शिदोरी असते. रुजताना त्या तेलाची साखर होते. ती संपत आली की साखरेच्या शिलकीवर नजर ठेवणारं टॉर हे प्रथिन मंदावतं, आणि खोड लांबवणारं बीझेडआर१ नावाचं आणखी एक प्रथिन पेशी स्वतःच मोडून टाकते. अंधार कायम असतो, तरी खोडाची वाढ थांबते.

उजेडात वाढणाऱ्या रोपालाही रात्री असाच हिशेब ठेवावा लागतो. दिवसा पानांत साठवलेला स्टार्च अरॅबिडॉप्सिस रात्रभर जवळपास एकाच वेगानं वापरतं आणि तो नेमका पहाटेपर्यंत पुरवतं. दिवस लहान असतील तेव्हा खोड सर्वांत वेगानं लांबतं तेही पहाटेच्याच सुमारास. ज्या वाणांना स्टार्च बनवताच येत नाही, त्यांची साखर रात्रीच्या सुरुवातीलाच संपते आणि लहान दिवसांत ती रोपं खुरटतात.