झिरो, हेलकॅट आणि वेगाचा वर्ग

दुसऱ्या महायुद्धातील विमानांचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते: अमेरिकनांना जपानचे झिरो विमान जवळजवळ धडधाकट सापडले, त्यांनी त्याचा अभ्यास केला आणि त्याला तोड म्हणून विमानवाहू नौकांवरचे हेलकॅट हे लढाऊ विमान बनवले. तारखा पाहिल्या तर ही गोष्ट टिकत नाही. 4 जून 1942 रोजी अल्यूशन बेटांपैकी अकुटानच्या दलदलीत उलटलेले ते झिरो अमेरिकनांच्या नजरेस पडले जुलैमध्ये, आणि हेलकॅटच्या पहिल्या नमुन्याने 26 जूनलाच उड्डाण केले होते. त्या झिरोकडून अमेरिकनांना जे मिळाले ते समजून घ्यायला मात्र शालेय भौतिकशास्त्र पुरेसे आहे, आणि मला ते सगळ्या शौर्यकथांहून अधिक मोहवते.

विमानवाहू नौकेवरच्या लढाऊ विमानाला आखूड डेकवर अगदी हळू उतरता आले पाहिजे आणि आकाशात शत्रूहून वेगाने उडता आले पाहिजे. मित्सुबिशीचे अभियंता जिरो होरिकोशी यांच्या हाती हजार अश्वशक्तीहून कमी ताकदीचे इंजिन होते, म्हणून त्यांनी वजनावर घाव घातला. नवा, अधिक मजबूत ॲल्युमिनियम मिश्रधातू वापरला. वैमानिकामागचे चिलखत आणि गोळीचे छिद्र आपोआप बुजवणारी इंधनटाकी या दोन्ही गोष्टी सुरुवातीच्या झिरोत नव्हत्याच. सुमारे 2,400 किलो वजन आणि 22.4 चौरस मीटरचे पंख, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर 107 किलो. हेलकॅटचे वजन साधारण 5,700 किलो, पंख 31 चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला 184 किलो.

आता वळणाचा विचार करू. वळताना विमानाला केंद्राकडे खेचणारे बल पंखांच्या उचलीतून मिळते. ही उचल पंखाच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लागणारे केंद्रगामी बल म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. दोन्ही बाजू समान मांडल्या की वेगाचा वर्ग दोन्हीकडून कटतो, आणि सर्वांत लहान वळणाची त्रिज्या मुख्यतः वजन आणि क्षेत्रफळ यांच्या गुणोत्तरावर ठरते. 184 भागिले 107 म्हणजे सुमारे पावणेदोन. झिरोच्या वळणाशी बरोबरी करू पाहणारा हेलकॅट त्याच्याहून पावणेदोनपट मोठे वर्तुळ घेणार, आणि वैमानिक कितीही निष्णात असला तरी या आकड्यापुढे त्याचे काही चालत नाही.

परंतु वळण्याआधी विमानाला एका कुशीवर कलावे लागते. ते काम पंखांच्या मागच्या कडेवरील एलेरॉन या झडपा करतात, आणि तिथे वेगाचा वर्ग कटत नाही. स्कूटरवर मागे बसून तळहात वाऱ्याला आडवा धरला, तर ताशी 30 किलोमीटरला जो रेटा जाणवतो त्याच्या चौपट रेटा 60 ला जाणवतो. झिरोचे एलेरॉन मोठे होते, त्यामुळे डेकवर उतरतानाच्या मंद वेगातही विमान अलगद ताब्यात राहत असे. मात्र वेग वाढला की तोच रेटा नियंत्रणदांड्यातून थेट वैमानिकाच्या दंडावर येत असे. दुरुस्त करून सप्टेंबर 1942 मध्ये सॅन डिएगोला उडवलेल्या त्या विमानात आढळले की ताशी सुमारे 370 किलोमीटरच्या पुढे एलेरॉन हलवणे फार जड जाते, उजवीकडे कलणे तर डावीकडच्यापेक्षाही कठीण जाते, आणि नाक झटकन खाली दाबले तर कार्ब्युरेटरमधील इंधन विस्कळीत होऊन इंजिन क्षणभर अडखळते. निष्कर्ष स्पष्ट होता: झिरोबरोबर वळणांच्या खेळात पडू नये, पाठीमागे लागला तर नाक खाली दाबून वेग वाढवावा आणि उजवीकडे वळावे.

हेलकॅटला याचा पुरेपूर लाभ झाला. त्याच्या 1944 मधील सुधारित आवृत्तीत एलेरॉनच्या मागच्या कडेला स्प्रिंगच्या जोडणीवर चालणारी एक अरुंद पट्टी होती. वैमानिकाने जोर लावला की ती एलेरॉनच्या उलट दिशेला झुकत असे आणि वाऱ्याचाच रेटा एलेरॉनला हव्या त्या बाजूला ढकलत असे. जो वर्ग झिरोच्या वैमानिकाचा दंड थकवीत होता, तोच इथे कामाला लावला होता! त्यात 2,000 अश्वशक्तीचे इंजिन, चिलखत, गोळी लागली तरी न गळणाऱ्या टाक्या आणि मागे वळवून धडालगत घडी होणारे पंख. अर्थात दर किलो वजनामागे अश्वशक्ती मोजली, तर हेलकॅट झिरोहून किंचित उणाच भरतो.

लढाईत गमावलेल्या प्रत्येक हेलकॅटमागे एकोणीस शत्रुविमाने पाडली गेली, हा आकडा आजही कौतुकाने फिरवला जातो. तो वैमानिकांच्या स्वतःच्या दाव्यांवर आधारलेला आहे, आणि धावपळीच्या हवाई लढाईत एकच विमान दोघांच्या खात्यावर जमा होणे सर्वच देशांत घडले. शिवाय 1944 पर्यंत जपानचे अनुभवी वैमानिक मोठ्या संख्येने मारले गेले होते आणि नवशिक्यांना पुरेसे उड्डाणतास मिळत नव्हते. ‘जगातील सर्वश्रेष्ठ लढाऊ विमान’ अशा शीर्षकांतून हे सगळे गाळले जाते. त्याच इंजिनाचे कोर्सेअर हेलकॅटहूनही वेगवान होते. पण त्याच्या लांबलचक नाकामुळे उतरताना समोरचा डेकच दिसत नसे आणि टेकताना ते उसळत असे, म्हणून अमेरिकी नौकांवर ते उशिरा रुळले.

जपानी अभियंत्यांनाही आपल्या विमानाचे दुखणे ठाऊक होते. 1943 च्या आवृत्तीत त्यांनी पंखांचा विस्तार 12 मीटरवरून 11 मीटरवर आणला, त्यामुळे कलणे सुधारले, आणि सूर मारताना अधिक वेग सहन व्हावा म्हणून पंखांचा पत्रा जाड केला. मात्र त्याबरोबर वजन वाढले, पंखांचे क्षेत्रफळ घटले, आणि इंजिन 1,130 अश्वशक्तीच्या पुढे सरकले नाही.