६४,००० खणांत मावणारा आवाज

एक बटण दाबून धरावे, मायक्रोफोनसमोर दोन शब्द बोलावेत आणि बटण सोडावे. दुसरे बटण दाबताच तेच शब्द स्पीकरमधून ऐकू येतात. हे सारे काम आयएसडी १८२० ही १४ पायांची चिप जवळजवळ एकटीच करते. मायक्रोफोनचा क्षीण संकेत वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, आवाजाची गाळणी, मेमरी आणि लहानसा स्पीकर चालवणारा भाग असे सगळे तिच्या पोटातच असते. बाहेरून लागतात ते थोडे रेझिस्टर, कपॅसिटर, बटणे आणि सुमारे ३ व्होल्टचा पुरवठा.

तिचे खरे वैशिष्ट्य मात्र आवाज साठवण्याच्या रीतीत आहे. मोबाइल आवाजाच्या प्रत्येक नमुन्याचा, म्हणजे ठरावीक अंतराने क्षणभर टिपलेल्या पातळीचा, आकडा करतो आणि तो शून्य-एकच्या रूपात ठेवतो. ही चिप आकडा करतच नाही. नमुना घेतला त्या क्षणी जेवढा विद्युतदाब होता, त्याला जुळेल एवढा विद्युतभार ती एका सूक्ष्म खणात कोंडून ठेवते. या खणातले ‘फ्लोटिंग गेट’ (भार धरून ठेवणारा भाग) चहूबाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेले असते. पुरेसा मोठा दाब दिला की इलेक्ट्रॉन त्या थरातून पार होतात आणि दाब काढून घेतला की जिथल्या तिथे अडकून राहतात. म्हणूनच बॅटरी काढली तरी आवाज पुसला जात नाही. २५६ पातळ्यांचा बारकावा शून्य-एकच्या भाषेत ठेवायचा, तर एका नमुन्याला ८ खण लागले असते; इथे एकच पुरतो, आणि ही युक्ती मला फार देखणी वाटते.

खणांची संख्या अर्थातच ठरलेली आहे, सुमारे ६४,०००. ते किती वेगाने भरायचे, हे बाहेर जोडलेला एक रेझिस्टर ठरवतो. ८० किलोओहमचा लावला, तर सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि जागा ८ सेकंदांत संपते; २०० किलोओहमचा लावला, तर नमुने ३,२०० वर येतात आणि २० सेकंद मिळतात. पण नमुन्यांच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक कंपनसंख्येचा ध्वनी टिपता येत नाही. ‘स’ या वर्णाची बरीचशी ऊर्जा ३,००० हर्ट्‌झच्या वर असते. त्यामुळे २० सेकंदांच्या जुळणीत ‘सात’ हा शब्द ‘आत’सारखा भासू शकतो. सूचना नेमकी कळायला हवी असेल, तर वेळेचा मोह सोडून ८ सेकंदांतच बोलणे आटोपावे.