ओवा, ओव्याचं फूल आणि ‘पित्तला’ हा शब्द

ओवा तळहातावर चोळून नाकाशी धरला की जो झणझणीत वास डोक्यात जातो, तो थायमॉल नावाच्या द्रव्याचा. ओव्यात साधारण २ ते ४ टक्के उडनशील तेल असतं आणि त्यातला मोठा वाटा थायमॉलचाच. जुन्या वैद्यांना हे नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, गुण मात्र पक्के ठाऊक होते. (ज्याला आपण बी म्हणतो ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात फळ आहे, पण ते राहू द्या.)

संस्कृतात ओवा म्हणजे यवानी. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात ती तीक्ष्ण, उष्ण, पाचक, पोटफुगी-शूल-कृमींवर गुणकारी म्हटली आहे. त्याच दमात ‘पित्तला’, म्हणजे पित्त वाढवणारी, असंही सांगितलंय. आपण पहिला भाग घोकला आणि दुसऱ्याकडे काणाडोळा केला. पोट गच्च झाल्यावर चिमूटभर ओवा मिठाबरोबर चावणं ठीक. छातीत जळजळत असताना किंवा अल्सर असताना तोच ओवा आगीत तेल ओततो. गरोदरपणी जेवणातला ओवा वेगळा आणि ओव्याचे काढे-अर्क वेगळे. ते वैद्याला विचारल्याशिवाय नकोत.

युरोपात थायमॉल १७१९ मध्ये दुसऱ्याच एका वनस्पतीच्या तेलातून वेगळं झालं. पुढे ते मिळवायला ओवा सोयीचा ठरला. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातून ओव्याची पोती जर्मनीला जात आणि तिकडे त्यांतून थायमॉल निघे; १९१४ ला युद्ध पेटलं आणि हा व्यापार तुटला. त्या काळी थायमॉलला मागणी होती ती अंकुशकृमींमुळे, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या जंतांमुळे. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ पासून उद्योगपती रॉकफेलर यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या आयोगाने या कृमींविरुद्ध मोहीम चालवली, तिचं मुख्य औषध थायमॉलच. रोग्याला ताकीद असे: औषधाबरोबर तेल-तूप, दारू काही घ्यायचं नाही. थायमॉल स्निग्धात विरघळतं, आतड्यातून रक्तात शिरतं, आणि मग कृमींऐवजी रोगीच गळून पडतो. पुढे इतर औषधं आली आणि ते मागे पडलं.

आपल्याकडे हेच थायमॉल ‘ओव्याचं फूल’ म्हणून विकलं जातं. ते, कापूर आणि पुदिन्याचं फूल (मेंथॉल) एकत्र खलात घोटलं की पाण्याचा थेंबही न घालता तिन्ही स्फटिक विरघळून पातळ होतात. हीच अमृतधारा. पाहायला गंमत वाटते, पण कापूर तान्ह्या मुलांना विषारी ठरतो. त्यांच्या पोटात किंवा नाकाशी ती बाटली जाऊ नये.

एक गोंधळ नावाचा. खुरासानी ओवा, ग्रंथांतली पारसीक यवानी, हा ओवा नव्हेच. तो धोतऱ्याच्या कुळातला. त्यात स्कोपोलामिनसारखी मेंदूवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. त्याचं बी बारीक, राखाडी असतं. ओव्यासारख्या उभ्या रेघा त्यावर नसतात आणि चोळल्यावर तो वासही येत नाही.