शिकारीचा सुरा : धार टिकते की सुरा टिकतो?

‘आयुष्यभर टिकेल’ या शब्दांवर शिकारीचे सुरे आजवर विकले गेले. यातल्या ‘टिकणे’ या एका शब्दाने गेल्या साठेक वर्षांत बराच घोळ घातला आहे. धार टिकणे वेगळे, सुरा टिकणे वेगळे, आणि पुष्कळदा एकासाठी दुसऱ्यावर पाणी सोडावे लागते.

१७४० च्या दशकात इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये मुशीत वितळवलेले पोलाद होऊ लागले आणि एकजिनसी पाती मिळू लागली. पुढे दीडशेहून अधिक वर्षे चांगला सुरा म्हणजे साध्या कार्बन पोलादाचा सुरा. १९१३ मध्ये याच गावात, बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून चाललेल्या प्रयोगांतून सुमारे १३ टक्के क्रोमियमचे न गंजणारे पोलाद हाती आले. कारागिरांनी त्याला ‘न कापणारे सुरे’ म्हणून हिणवले. त्यात पोलादाचा दोष थोडाच होता. साध्या पोलादाला ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून पाणी दिले की भागते. याला हजाराच्या घरात न्यावे लागते, नाहीतर पाते मऊच राहते.

खरा वाद नंतरचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक कारखाने कार्बन पोलाद सोडून स्टेनलेसकडे वळले. ४४०सी हे त्या काळातले नावाजलेले पोलाद, १६ ते १८ टक्के क्रोमियमचे. कारण उघड होते. रक्त लागलेला सुरा ओल्या चामड्याच्या म्यानात रात्रभर राहिला, तर कार्बन पोलादावर सकाळी गंजाचे ठिपके दिसतात, आणि गंजलेला माल दुकानात परत येतो. पुढे भुकटीपासून घडवलेली पोलादे आली. २००१ मध्ये खास सुऱ्यांसाठी आलेल्या एस३०व्ही या पोलादामध्ये ४ टक्के व्हॅनेडियम हा धातू आहे. मोठे जनावर सोलतानाही त्याची धार मध्येच लावावी लागत नाही, हे मान्यच.

पण व्हॅनेडियमचे कार्बाइड, म्हणजे त्याचे कार्बनशी झालेले कठीण कण, धार लावायच्या नेहमीच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षाही कठीण असतात. हिऱ्याची पट्टी नसेल तर मालक दगडावर घासून थकतो आणि शेवटी सुरा फिरत्या चाकाला लावतो. तिथे पातळ धार क्षणात तापते. साध्या पोलादाच्या पात्याच्या कडेला निळी झाक आली, तर तेवढा भाग सुमारे ३०० अंशांपर्यंत तापून मऊ पडला असे समजावे. स्टेनलेसवर तो रंग उशिरा उमटतो, त्यामुळे तिथे नुकसान कळतही नाही. सुरे गंजाने मरतात त्याहून जास्त या चाकाने मरतात, असे माझे ठाम मत आहे.

कार्बन पोलादाचे पाते साध्या दगडावर चार हातांत पाजवता येते. वापराने त्यावर राखाडी पटल चढते आणि गंजाचा वेग मंदावतो. तेलाचा बोळा मात्र चुकवून चालत नाही. दर वेळी पाजवताना धार पात्याच्या जाड भागाकडे सरकते, म्हणून अधूनमधून बाजूही पातळ कराव्या लागतात.

अलीकडे काही कारागीर एकच घाट दोन्ही पोलादांत देतात. निवड करताना घरात धारेचा दगड कोणता आहे, हे आधी पाहावे.