पावसाआधीचा वारा

जून संपत आला की अ‍ॅरिझोनातल्या आमच्या नातेवाइकांना इकडून हमखास विचारलं जातं, "आता तुमच्याकडेही पाऊस येईल ना? म्हणजे सुटलात वणव्यांतून." विचारणाऱ्याचं चुकत नाही. आपल्या सह्याद्रीत तसंच घडतं. फाल्गुनापासून डोंगर पेटतात, जाळरेषा काढता काढता गावकरी आणि वनमजूर थकून जातात आणि मृगाच्या दोन सरी पडल्या की तो विषय पुढच्या वर्षापर्यंत मिटतो. अ‍ॅरिझोनाच्या डोंगरांत मात्र वणवा विझवणाऱ्यांना सगळ्यांत जास्त धास्ती असते ती पावसाळा सुरू होतानाच्या दिवसांची.

त्या वाळवंटालाही मान्सून आहे. उन्हाळ्यात जमीन तापते, उंचावरचा जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि मेक्सिको व कॅलिफोर्नियाच्या आखाताकडून बाष्प आत येऊ लागतं. तिथलं हवामान खातं १५ जून ते ३० सप्टेंबर हा काळ मान्सूनचा धरतं. टुसॉन शहराच्या वर्षभराच्या पावसापैकी साधारण निम्मा याच दिवसांत पडतो. पण सुरुवातीला हे बाष्प वरच्या थरातच असतं. खाली दोन-तीन किलोमीटर जाडीची हवा अजून कोरडी ठणठणीत असते. सगळा घोळ या कोरड्या थरात आहे.

एका जूनअखेरीस मी टुसॉनला होतो. शहराच्या उत्तरेला सांता कॅटालिना डोंगर आहे. आसपासच्या मोकळ्या हवेपेक्षा डोंगराचा उतार लवकर तापतो, म्हणून ढग आधी तिथे जमतात. बाराला शिखरावर कापसाच्या बोंडाएवढा ढग होता, तीनपर्यंत त्याचा ऐरणीसारखा पसरट माथा झाला. त्याच्या तळातून पावसाच्या करड्या झालरी लोंबत होत्या, पण जमिनीपर्यंत एकही पोचत नव्हती. अर्ध्यावरच विरून जात होत्या. अशा हवेत विरणाऱ्या पावसाला विर्गा म्हणतात. अंगणात ४१ अंशांचं ऊन, पान हलत नव्हतं. आणि एकदम धुळीचा वास घेऊन गार वारा आला. दारं आपटली, कपडे दोरीसकट उडाले. मी हात पुढे करून उभा राहिलो. हातावर एक थेंबही पडला नाही.

मराठवाड्यात किंवा खानदेशात ज्याचं बालपण गेलं, त्याला हा वारा वेगळा सांगायला नको. तो वळवाचा वारा.

हा गार वारा येतो कुठून? याचं उत्तर माठात आहे. माठातलं पाणी पाझरून उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, हा शाळेतला बाष्पीभवनाचा सुप्त उष्मा. ढगाखालच्या कोरड्या हवेत थेंब विरतात तेव्हा ती सगळी हवाच माठ होते. एक किलो हवेत एक ग्रॅम पाणी विरलं की ती हवा सुमारे अडीच अंशांनी थंड होते. चार ग्रॅम विरलं तर दहा अंश. थंड हवा जड, म्हणून ती कोसळू लागते.

आता इथे एक अडचण येते, आणि मला या सगळ्यात तीच सर्वांत सुंदर वाटते. खाली येणारी हवा दाबली जाते आणि दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी तापते. मग ती मधेच गरम होऊन थांबायला हवी. ती थांबत नाही, कारण वाळवंटातली हवा दुपारपर्यंत उन्हानं इतकी घुसळून निघालेली असते की जमिनीपासून ढगाच्या तळापर्यंत तिचं तापमानही दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनीच उतरलेलं असतं. दोन माणसं एकाच चालीनं जिना उतरत असली तर त्यांच्यातलं अंतर शेवटच्या पायरीपर्यंत तेवढंच राहतं. कोसळणारी हवा आणि तिच्या भोवतालची हवा यांच्यातला फरकही तसाच टिकतो, आणि वाटेत थेंब विरतच असतात म्हणून तो वाढतोही. ढगाचा तळ जितका उंच आणि खालची हवा जितकी कोरडी, तितकं हे कोसळणं जोरदार. आषाढात कोकणात ढग डोक्याला टेकलेले असतात, हवा आधीच ओली असते, थेंब विरायला जागाच नसते. त्यामुळे धो धो पाऊस पडतो, पण वळवासारखा गार झोत येत नाही.

जमिनीवर आदळल्यावर ही हवा फरशीवर बादली उपडी केल्यासारखी चारी बाजूंनी पसरते. थर एक किलोमीटर जाड आणि आठ अंशांनी थंड धरला, तर तिचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास निघतो. ढग एका डोंगरावर आणि वारा पन्नास किलोमीटरवरच्या दरीत, असंही घडतं. ५ जुलै २०११ रोजी फिनिक्स शहरावर आलेली दीड किलोमीटरहून उंच धुळीची भिंत अशाच वाऱ्यानं उचललेली होती.

पाऊस विरतो, वीज मात्र विरत नाही. तिच्या काही लोळांत प्रवाह क्षणात न थांबता सेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंत, कधी त्याहूनही जास्त वाहत राहतो. वाळलेलं लाकूड पेटवतात ते बहुधा हेच. (आपल्याकडे अजूनही पायाळू माणसावर वीज पडते म्हणून त्याला पावसात घराबाहेर पडू देत नाहीत. वीज उंच झाड, सुळका, उघडं माळरान बघते. कोण कसा जन्मला हे तिला कळायचा काही मार्ग नाही. जपायचं तर सगळ्यांनीच जपावं.)

२८ जून २०१३ च्या संध्याकाळी फिनिक्सच्या वायव्येला यार्नेल गावाजवळच्या डोंगरावर अशीच वीज पडली. तिथल्या झुडपांत चाळीसहून अधिक वर्षं आग फिरकली नव्हती आणि दुष्काळानं ती खडखडीत वाळली होती. ३० जूनच्या दुपारी नैर्ऋत्येचा वारा आगीला ईशान्येकडे ढकलत होता. ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स या प्रेस्कॉटच्या अग्निशमन तुकडीचे जवान आगीच्या मागच्या टोकाला, जळून गेलेल्या सुरक्षित भागाजवळ होते. उत्तरेला प्रेस्कॉटच्या बाजूला ढग वाढले होते. साडेतीनच्या सुमारास हवामान कार्यालयानं जोरदार वाऱ्याचा इशारा दिला. साडेचारच्या आसपास तो वारा पोचला आणि आगीची दिशाच उलटली. जी बाजू आतापर्यंत संथ जळत होती, तीच पुढचं तोंड झाली. तुकडी तेव्हा कडा उतरून झुडपांनी भरलेल्या, तीन बाजूंनी बंद खोऱ्यातून एका शेतघराकडे निघाली होती. आग खोऱ्याच्या तोंडाशी आडवी आली. एकोणीस जण गेले. तुकडीतला विसावा जवान टेहळणीसाठी दुसरीकडे होता, तो वाचला.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. २६ जून १९९० रोजी त्याच राज्यात ड्यूड वणव्यात सहा जण गेले. तिथे तर वणव्याच्याच धुरावर उभा राहिलेला ढग कोसळला होता. दोन्ही तारखा जूनच्या शेवटच्या आठवड्यातल्या आहेत. जुलै पुढे सरकला की खालची हवाही ओलावते, ढगांचे तळ खाली येतात, पाऊस जमिनीला टेकतो आणि वणवे खरोखर विझू लागतात.

हा वारा रडारवर दिसतो. त्याच्या पुढच्या कडेला धूळ आणि उडणारे किडे उचलले जातात आणि पडद्यावर एक बारीक कमानदार रेघ उमटते. पावसाचे रंगीत ठिपके मागे राहतात, रेघ पुढे सरकत जाते. आज मोठ्या वणव्यांवर तैनात असलेला हवामानतज्ज्ञ अशी रेघ शोधत असतो. ती किती मिनिटांत कोणत्या दरीत पोचेल हे मोजून तो वायरलेसवर सांगतो, आणि त्या मिनिटांत तुकडीला जळालेल्या जमिनीवर परत यायचं असतं.